घरचा संगणक आणि दुकानातला सर्व्हर: कार्यप्रणाली ठरवण्याआधी काय तपासावे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची दुरुस्ती, संपला आणि तेव्हापासून लातूर, परभणी, नांदेडकडची ओळखीची माणसे एकच प्रश्न विचारत आहेत: संगणक धड चालतो आहे, मग नवा घ्यावा की याच्यावरच लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली टाकावी? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. २०१६ च्या सुमारास घेतलेले संगणक बहुधा प्रोसेसरच्या अटीवरच अडतात.

निर्णय घेण्याआधी एक वही घ्यावी आणि त्या संगणकावर आठवडाभरात जे जे काम होते ते लिहून काढावे. कोणते सॉफ्टवेअर रोज उघडले जाते, कोणती यंत्रे जोडलेली आहेत, जुन्या फायली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, एवढे तीन रकाने पुरतात. मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या वहीत पहिल्याच ओळीला हिशेबाचे सॉफ्टवेअर टॅली येते आणि टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारा वाइनसारखा थर वापरून ते लिनक्सवर चालवण्याची खटपट करता येते, पण मार्चअखेरीस मुनीमजी खोळंबून बसले असताना तो प्रयोग कोणी करू नये. सेवा केंद्र असेल तर अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीचे टोकन यांचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्र संगणकाशी जोडणारी सॉफ्टवेअर, लिनक्ससाठी मिळतात का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर नेमक्या मॉडेलच्या नावाने पाहावे. लग्नपत्रिका आणि बॅनर करणाऱ्यांचे दुखणे वेगळे असते: त्यांच्या वर्षानुवर्षांच्या फायली युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये असतात, त्यांचे चित्रमांडणीचे सॉफ्टवेअर कोरलड्रॉ विंडोज आणि मॅकपुरते मर्यादित आहे, आणि फायली रूपांतरित करताना रफार व जोडाक्षरे हमखास बिघडतात. अशा ठिकाणी मी लिनक्सची शिफारस करीत नाही.

याउलट घरी मुलांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, बँकेचे व्यवहार, व्हिडिओ आणि पत्रव्यवहार एवढेच काम असेल, तर त्यातले जवळजवळ सगळे ब्राउझरमध्येच होते आणि ब्राउझर दोन्हीकडे सारखाच असतो. युनिकोड मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे आहे. लिब्रेऑफिस हे मुक्त स्रोत ऑफिस सॉफ्टवेअर पत्रांना आणि साध्या हिशेबाला पुरते. मॅक्रो घातलेल्या किचकट एक्सेल शीटमध्ये मात्र ते अडखळते.

मुक्त स्रोत म्हणजे फुकट, हा गैरसमज इथे दूर करावा लागतो. ज्या प्रणालीचा मूळ कोड पाहता, बदलता आणि पुढे वाटता येतो ती मुक्त स्रोत. तिच्यासाठी पैसे घ्यायला कोणाचीही आडकाठी नसते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नेलवरच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यावरच, रेड हॅट ही कंपनी आपली वर्गणीची प्रणाली विकते आणि डेबियन तीच गोष्ट विनामूल्य देते. व्यापारी प्रणालीत आपण परवाना विकत घेतो, आणि त्या परवान्याच्या अटी वाचाव्या लागतात: नव्या संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना सहसा त्याच संगणकाला बांधलेला असतो, तर स्वतंत्र विकत घेतलेला दुसऱ्या संगणकावर नेता येतो. मॅकओएसचा परवाना ॲपलच्या यंत्रांपुरताच असल्यामुळे जुन्या संगणकाच्या या चर्चेत तिचा विचार करण्याचे कारण नाही.

आपल्याकडे आणखी एक प्रकार चालतो, तो म्हणजे दुकानदाराने ‘टाकून दिलेली’ विंडोज. ती चालू करण्यासाठी वापरलेला ॲक्टिव्हेटर अनेकदा स्वतःच व्हायरस घेऊन येतो. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ब प्रमाणे सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते. म्हणजे दुकानाची जोखीम घरापेक्षा जास्त आहे. परवाना घ्यायचा नसेल तर लिनक्स वापरावे.

लिनक्स आपल्या यंत्रावर चालेल का, हे हार्ड डिस्कला हात न लावता पाहता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा, लिनक्स मिंट किंवा उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती त्यावर रूफस किंवा व्हेंटॉयने चढवावी, आणि संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करावा. मग घाई न करता तासभर वापर करावा. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, लॅपटॉपचे झाकण बंद करून उघडल्यावर पडदा परत येतो का, हे पाहावे, आणि मुख्य म्हणजे आपल्याच प्रिंटरवर एक पान छापून पाहावे. काही जुन्या लेझर प्रिंटरांचे लिनक्स ड्रायव्हर फार त्रास देतात. ‘प्रिंटर दिसतो’ आणि ‘कागद बाहेर येतो’ यांत किती अंतर असते, हे त्याच वेळी कळलेले बरे. विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नये. लिनक्स संगणकातील घड्याळ जागतिक वेळेनुसार धरते आणि विंडोज स्थानिक वेळेनुसार, एवढेच त्यामागचे कारण आहे.

दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर ठेवायच्या असतील तर आधी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय बिटलॉकर चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, आणि विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू राहिल्यास विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून तिच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

सर्व्हरच्या, म्हणजे इतर संगणकांना फायली व सेवा पुरवणाऱ्या संगणकाच्या, बाबतीत माझे मत बरेच ठाम आहे, आणि ते एका फसलेल्या कामातून आले आहे. लातुरातील एका अभ्यासिकेत सराव परीक्षेसाठी तीस संगणक मांडले होते आणि प्रश्नपत्रिका साध्या विंडोज १० असलेल्या संगणकावरील शेअर फोल्डरमध्ये मी ठेवल्या होत्या. पहिल्या वीस मुलांच्या पडद्यावर पेपर उघडला. एकविसाव्यापासून पुढे सगळे हात वर करून बसले. केबल, स्विच, वायरिंग सगळे तपासून झाल्यावर परवाना वाचला. घरगुती विंडोजच्या परवान्यात एका वेळी वीसच उपकरणांना जोडणी घेण्याची मुभा आहे, आणि ते आधी न वाचणे ही सर्वस्वी माझी चूक होती. त्याच यंत्रावर त्या रविवारी डेबियन आणि विंडोज संगणकांना फोल्डर वाटून देणारे सांबा हे सॉफ्टवेअर बसवले.

खऱ्या विंडोज सर्व्हरला हे बंधन नाही, पण त्याचे गणित वेगळे आहे: परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो, आपल्या यंत्रात चारच कोअर असले तरी किमान १६ कोअरचे पैसे भरावे लागतात, आणि त्याखेरीज जोडणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी किंवा उपकरणासाठी कॅल हा वेगळा परवाना लागतो. ज्या कारखान्यात शेकडो विंडोज संगणकांची खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरी या विंडोज सर्व्हरच्या सोयीतून सांभाळायची आहेत, तिथे हा खर्च रास्त आहे. शाळेचा फाइल सर्व्हर, अभ्यासिकेचे मूडल (ऑनलाइन शिकवणीचे सॉफ्टवेअर) किंवा संस्थेचे छोटे संकेतस्थळ यांसाठी डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर पुरून उरते.

मुक्त स्रोतातही वितरण, म्हणजे लिनक्सची बांधून दिलेली तयार प्रणाली, कोणाच्या हाती आहे हे पाहावेच लागते. सेंटओएस ८ या वितरणाला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता. डिसेंबर २०२० मध्ये तो निर्णय फिरला आणि २०२१ च्या अखेरीस आधार थांबला. कोड खुला असल्यामुळे रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स ही पर्यायी वितरणे काही महिन्यांतच उभी राहिली, तरी सर्व्हर हलवण्याचे श्रम लोकांना पडलेच. म्हणून आधार कधी संपतो ती तारीख सर्व्हरच्या डब्यावर चिकटवून ठेवावी. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला पाच वर्षे मिळतात, म्हणजे २४.०४ ला २०२९ पर्यंत.

खर्चात माणूसही धरावा. मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तर तालुक्याच्या गावी लिनक्स जाणणारा कोण आहे, त्याचा फोन नंबर वहीत आहे का? नसेल, तर प्रणाली फुकट मिळूनही महाग पडते. बसवणाऱ्याकडून मुख्य पासवर्ड आणि बसवलेल्या सेवांची यादी कागदावर घेतल्याशिवाय त्याचे पैसे पूर्ण देऊ नयेत.

उन्हाळ्यातली वीज कोणत्याही प्रणालीची भीड ठेवत नाही. यूपीएस नुसता जोडून भागत नाही. त्याची यूएसबी तार सर्व्हरला लावून, लिनक्सवर नट या सॉफ्टवेअरमध्ये, बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद होईल असे ठरवून द्यावे. मग भर दुपारी, कोणी काम करीत नसताना, भिंतीवरचे बटण बंद करून खरोखर तसे होते का ते समोर उभे राहून पाहावे.