मुलाला फोटोवरून धमकी आली, तर पालकांनी काय करावे?

ऑनलाइन खेळात किंवा इन्स्टाग्रामवर ओळख होते, समोरची व्यक्ती आपण समवयस्क असल्याचे भासवते, गोड बोलून खासगी फोटो मागून घेते आणि तो हाती पडताच 'पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवतो' असा मेसेज येतो. मूल घाबरून घरी काही बोलणार नाही, याच भरवशावर ही धमकी चालते. म्हणून त्याने सांगितलेच, तर 'सांगितलेस हे बरे केलेस, आता आपण मिळून बघू' एवढेच म्हणावे. फोटो का पाठवलास, याची उलटतपासणी त्या रात्री नको.

सगळे डिलीट करून टाकण्याचा मोह आवरावा. तारीख-वेळ दिसेल असे चॅटचे स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक (नाव केव्हाही बदलता येते), फोन नंबर आणि पैशांसाठी दिलेला यूपीआय आयडी जपून ठेवावा, मगच ते खाते रिपोर्ट करून ब्लॉक करावे. मुलाचा तो फोटो मात्र पुरावा म्हणूनही कोणाला, अगदी काका-मामांनाही, फॉरवर्ड करू नये. मुलांची अश्लील चित्रे पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे.

पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढत जाते. दिले गेले असल्यास 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे, म्हणजे रक्कम बँकेतच रोखण्याचा प्रयत्न करता येतो. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करावी. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही आहे. बोभाटा होईल या भीतीने अनेक पालक इथेच थांबतात, पण मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशात नसताना घ्यायचा असतो, तसेच त्याची ओळख उघड करण्यास माध्यमांना मनाई आहे.

फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा वापरावी. तिच्यात फोटो फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकू शकतात.

पुढचे काही दिवस मुलाला एकटे सोडू नये. जेवण-झोप उडाली, 'मला जगायचेच नाही' असे शब्द तोंडी आले, तर जवळच्या डॉक्टरांकडे न्यावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा.