निवृत्तीचे पैसे हाती आले. ते कुठे ठेवावेत?

माझे मामा नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यातून ५८व्या वर्षी निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीचा मोठा हिस्सा त्यांनी ओळखीतल्या एका पतसंस्थेत ठेवला. व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त होतं. संस्था बुडाली आणि मामा वर्षानुवर्षं चकरा मारत राहिले. तशी वेळ तुमच्यावर येऊ नये, यासाठी हा क्रम.

पहिल्यांदा सहा महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याची सोय बचत खात्यात बाजूला काढा. त्याला हात लावायचा नाही.

मग पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि मागे खुद्द केंद्र सरकार असतं. दर ८.२ टक्के धरला तर ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतात. खातं उघडताना मिळालेला दर पाच वर्षं बदलत नाही. नव्या खात्यांचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, म्हणून त्या दिवशीचा दर विचारून घ्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून साठीआधी निवृत्त होणाऱ्या मंडळींनी एक गोष्ट नीट ऐका: ही योजना ६० वर्षांवरच्यांसाठी असली, तरी ५५ पूर्ण झालेल्या निवृत्तांना ती खुली आहे. मात्र निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. ही मुदत अनेकांच्या हातून निसटते. आधार, पॅन, फोटो आणि निवृत्तीचा दाखला सोबत न्या.

पती-पत्नीच्या नावे पोस्टाची मासिक उत्पन्न योजनाही घेता येते. संयुक्त खात्याची मर्यादा १५ लाख.

उरलेले बँकेत मुदत ठेवीत ठेवा, पण आधी विम्याचा हिशेब करा. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत देतं, तेही मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या पंचवटी शाखेत ३ लाख आणि कॉलेज रोड शाखेत ४ लाख असतील, तर ते ७ लाखच मोजले जातात आणि २ लाख उघड्यावर राहतात. शाखा बदलून उपयोग नाही, बँक बदला. व्याज साठत जाणारी ठेव असेल तर ४ लाखांवरच थांबा. सहकारी बँकांना हा विमा आहे, पतसंस्थांना नाही. नावं सारखी वाटतात, म्हणून पावतीवर ‘बँक’ लिहिलंय का ते बघा आणि विम्याबद्दल काउंटरवर स्पष्ट विचारा.

सगळं एकाच तारखेला अडकवू नका. बँकेतल्या ठेवी एक, दोन, तीन वर्षांच्या केल्या की दरवर्षी काहीतरी मोकळं होतं. ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळतच नाही. दिलेलंही कापून घेतात.

प्रत्येक ठेवीवर वारसाचं नाव लावा आणि पावत्या कुठे आहेत ते घरच्यांना आजच दाखवा.