आंबोणातून जंतनाशक देताना : पावसाळ्यानंतरची काळजी

पावसाळा ओसरून जनावरे ओढ्याकाठी आणि बांधावर चरू लागली की, खाणे नेहमीसारखे असूनही दूध घटणे, केस राठ होणे, शेण पातळ पडणे अशा जंतांच्या तक्रारी सुरू होतात. बाटलीने औषध पाजताना ठसका लागून ते फुफ्फुसात जाण्याची भीती असल्यामुळे अनेक पशुपालक फेनबेंडाझोल या जंतनाशकाची भुकटी आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंडीच्या खुराकात, मिसळून देतात. ही पद्धत सोयीची आहे, मात्र प्रत्येक जनावराच्या पोटात त्याच्या वजनानुसार ठरलेला औषधाचा हिस्सा गेला तरच तिचा उपयोग होतो.

सामाईक गव्हाणीत औषधाची पेंड टाकली की दांडगी म्हैस शिंगाने शेजारणीला ढकलून दोघींचा वाटा फस्त करते. जंतांनी बेजार झालेले जनावर आधीच मंद खाते, म्हणजे ज्याला औषधाची सर्वाधिक गरज त्यालाच ते सर्वांत कमी मिळते. अपुऱ्या मात्रेतून वाचलेल्या जंतांची पिढी पुढे औषधाला दाद देत नाही. म्हणून प्रत्येक जनावर वेगळे बांधावे, स्वतंत्र घमेल्यात आंबोण द्यावे आणि घमेले रिकामे होईपर्यंत तिथून हलू नये.

वजन नजरेने ठरवू नये. छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे. उत्तर अंदाजे किलोत येते. घेर 70 आणि लांबी 60 इंच असेल तर वजन सुमारे 445 किलो भरते. गायीला फेनबेंडाझोल किलोमागे 5 मिलिग्रॅम लागते, म्हणजे अशा गायीला सव्वादोन ग्रॅम मूळ औषध. भुकटीत मूळ औषध किती टक्के आहे, हे पाकिटावर वाचूनच तिचे वजन ठरवावे. भुकटी आधी मूठभर कोरड्या पेंडीत कालवावी, मग थोडी थोडी पेंड वाढवत न्यावी. भिजवलेल्या आंबोणावर ती थेट भुरभुरली तर एकाच जागी गोळा होऊन बसते. शेळीच्या शरीरातून हे औषध लवकर बाहेर पडत असल्याने तिची मात्रा गायीवरून काढू नये.

कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या भाताच्या पट्ट्यात एक गफलत फार होते. खाचरातील गोगलगायींमुळे पसरणाऱ्या, यकृतात राहणाऱ्या पर्णकृमीवर (पानासारख्या चपट्या जंतावर) फेनबेंडाझोलची नेहमीची मात्रा चालत नाही. या कृमीमुळे जबड्याखाली पाणी भरलेले दिसले की पशुपालक तेच औषध पुन्हा देतो आणि जनावर खंगत जाते. पर्णकृमीसाठी ऑक्सिक्लोझानाइडसारखे औषध लागते. तेही मुख्यतः वाढ झालेल्या कृमींवर चालत असल्याने पुन्हा केव्हा द्यायचे हे पशुवैद्यकांनी ठरवावे. अर्थात शेळीच्या जबड्याखालची सूज रक्त पिणाऱ्या गोलकृमीमुळेही येते, तेव्हा तिच्या डोळ्याची पापणी उलटून आतला रंग फिकट आहे का, ते पाहावे. नक्की निदानासाठी ताज्या शेणाचा नमुना दवाखान्यात तपासून घेणे केव्हाही स्वस्त पडते.

दूध पिणाऱ्या रेडकाला आंबोणातून औषध देता येत नाही, तरीही आईच्या दुधातून गोलकृमी त्याच्याकडे येतात. म्हणून 10 ते 14 दिवसांचे झाल्यावर त्याला पिपराझिन हे जंतनाशक तोंडानेच पाजावे. अल्बेंडाझोल हे जंतनाशक वापरायचे झाल्यास गाभण राहिल्यापासून पहिला दीड महिना ते टाळावे. पाकिटावर दुधासाठी सांगितलेले दिवस संपेपर्यंत त्या जनावराचे दूध डेअरीला घालू नये. औषधानंतर साधारण 14 दिवसांनी शेण पुन्हा तपासावे. जंतांची अंडी तशीच दिसली तर मात्रा चुकली की औषध निकामी झाले, हे पाहूनच पुढचे औषध निवडावे.