ब्रिटनमध्ये घरगुती गॅस इंजिनियर कसं व्हावं: उस्ताद शोधण्यापासून गॅस सेफ नोंदणीपर्यंत

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी पहिल्या दिवशी एक पितळी नट ठेवतो आणि रोनन पॉइंटची गोष्ट सांगतो. १६ मे १९६८, पहाटे पावणेसहाची वेळ. पूर्व लंडनच्या कॅनिंग टाऊनमधल्या २२ मजली इमारतीत, अठराव्या मजल्यावर, एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. शेगडीची नळी जोडणारा नट कमी प्रतीचा होता, आणि तिथून झिरपलेला गॅस घरात साठला होता. स्फोटाने बाहेरच्या भिंती उडाल्या, इमारतीची बांधणीही कच्ची, त्यामुळे अख्खा कोपरा खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. त्या बाई वाचल्या.

हे काम करायला इथे इतकं प्रशिक्षण आणि इतक्या परीक्षा का लागतात, ते तो नट हातात धरला की कळतं.

इकडे येणाऱ्या आपल्या मंडळींचा ‘इंजिनियर’ या शब्दाने गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये गॅस इंजिनियर म्हणजे बी. ई. झालेला माणूस नव्हे. घर आणि पाणी तापवणारा बॉयलर बसवणारा, दुरुस्त करणारा, शेगडी जोडणारा, पाइप टाकणारा कारागीर म्हणजे गॅस इंजिनियर. पदवी लागत नाही. मात्र पैसे घेऊन गॅसचं काम करायचं तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नोंद हवीच. ते काम नोंदणीशिवाय करणं हा गुन्हा आहे. १ एप्रिल २००९ रोजी ‘कॉर्गी’ या जुन्या नोंदणीची जागा या रजिस्टरने घेतली. जुनी गिऱ्हाइकं अजूनही “तुम्ही कॉर्गीवाले ना?” असं विचारतात.

भारतातलं आयटीआयचं प्लंबर किंवा फिटरचं प्रमाणपत्र असेल तर हात बसलेला असतो, आणि तो फार कामाला येतो. पण त्या कागदावर इथे नोंदणी मिळत नाही. परीक्षा सगळ्यांना द्यावीच लागते.

पहिली पायरी: रस्ता ठरवा

शाळा नुकतीच संपलेल्या मुलामुलींसाठी अप्रेंटिसशिप सगळ्यात चांगली. इंग्लंडमध्ये ‘गॅस इंजिनियरिंग ऑपरेटिव्ह’ नावाची तिसऱ्या स्तराची अप्रेंटिसशिप साधारण दीड वर्षाची असते. पगार मिळतो आणि काम खऱ्या घरांत शिकायला मिळतं. वय वाढलेलं, संसार मागे, नोकरी बदलायची आहे, अशांसाठी ‘मॅनेज्ड लर्निंग प्रोग्रॅम’ असतो: आधी वर्ग आणि कार्यशाळा, मग नोंदणीकृत इंजिनियरच्या हाताखाली खरी कामं, मग परीक्षा. फी स्वतःच्या खिशातून जाते आणि ती हजारो पौंडांत असते. व्हिसावर असाल तर अशी कामं करायची परवानगी तुम्हाला आहे का, ते आधी बघून घ्या.

दुसरी पायरी: पैसे भरण्याआधी उस्ताद शोधा

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. जाहिरातीत काही आठवड्यांत गॅस इंजिनियर करून देण्याची भाषा असते. वर्गाचे आठवडे तेवढेच असतील, पण हाताखालच्या कामांशिवाय नवख्याला परीक्षेला बसता येत नाही, आणि ती कामं द्यायला नोंदणीकृत माणूस लागतो. मी स्वतः फसलो होतो. “प्लेसमेंटचं (हाताखालच्या कामांचं) आम्ही बघतो” हा शब्द तोंडी मिळाला, मी फी भरली, वर्ग संपला आणि पुढे पाच महिने फोन करत बसलो. शेवटी एका म्हाताऱ्या इंजिनियरने मला हाताखाली घेतलं ते त्याच्या व्हॅनमधलं सामान उचलायला माणूस हवा होता म्हणून. त्यांच्याकडे मी जे शिकलो ते वर्गात कधी शिकलो नसतो.

म्हणून प्लेसमेंटचं आश्वासन लेखी घ्या. कोणासोबत, किती कामं, कोणत्या प्रकारची, हे सगळं त्यात असू द्या. आणि उस्ताद मिळाला की त्याचं गॅस सेफ ओळखपत्र उलटं करून बघा. पुढच्या बाजूला फोटो, परवाना क्रमांक आणि मुदत असते. मागच्या बाजूला तो माणूस कोणकोणतं काम करायला पात्र आहे ते लिहिलेलं असतं. घरातल्या गॅसच्या शेकोटीचं काम त्याच्या कार्डावर नसेल तर तुमच्या शेकोटीच्या कामावर त्याची सही चालणार नाही.

तिसरी पायरी: वर्ग

गॅस जळतो कसा इथून सुरुवात होते. एक भाग नैसर्गिक वायू नीट जळायला सुमारे दहा भाग हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. आपल्याकडच्या सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. पाइपातला नैसर्गिक वायू हलका, तो वर छताकडे जातो. गळती शोधताना हा फरक अंगात मुरलेला लागतो.

गणित येतं, पण ते शाळेतल्या गुणाकार-भागाकाराइतकंच. बॉयलर चालू करून मीटर दोन मिनिटं बघितला आणि ०.०८ घनमीटर गॅस गेला, तर तासाला २.४ घनमीटर. त्याला ३९ ने (एका घनमीटर गॅसमधली उष्णता, मेगाज्यूलमध्ये) गुणून ३.६ ने भागलं की २६ किलोवॉट येतात. हा आकडा बॉयलरच्या पाटीवरच्या आकड्याशी जुळतो का ते बघायचं. पाटीवर बहुधा नेट आकडा असतो, म्हणजे धुरातल्या वाफेसोबत जाणारी उष्णता वगळून काढलेला, तेव्हा आपला आकडा आधी १.१ ने भागून घ्या. नाहीतर चांगल्या बॉयलरला उगाच दोष द्याल.

चौथी पायरी: घट्टपणाची चाचणी हातात बसवा

टाइटनेस टेस्ट, म्हणजे पाइपातून कुठे गॅस गळत नाही ना ते बघणं. या एका चाचणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावतो. सगळी उपकरणं बंद करा, पायलट ज्योतीसुद्धा. मीटरच्या टेस्ट पॉइंटला पाण्याची यू आकाराची गेज जोडा. आधी मुख्य व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो का ते बघायचं: दाब हळूहळू ७ ते १० मिलिबारपर्यंत आणा, व्हॉल्व्ह बंद करा, एक मिनिट थांबा. पाणी वर चढलं तर व्हॉल्व्ह आतून गॅस सोडतोय आणि पुढच्या चाचणीला अर्थ नाही. चढलं नाही, तर दाब २० ते २१ मिलिबारपर्यंत न्या, व्हॉल्व्ह बंद करा, एक मिनिट स्थिर होऊ द्या आणि मग पुढची दोन मिनिटं फक्त पाण्याकडे बघा.

नव्या पाइपावर पाणी जराही हलता कामा नये. जुन्या घरात, उपकरणं जोडलेली असताना, नेहमीच्या यू६ मीटरवर आणि २८ मिलिमीटरपर्यंतच्या पाइपावर ४ मिलिबारपर्यंतची घट चालते, तीही घरात गॅसचा वास अजिबात नसेल तरच. वास असेल तर आकडा बघायचाच नाही.

डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचा, वरून वाकून नको. आणि इथेच कित्येक जण चुकतात: चाचणी छान होते, गेज काढतात, टेस्ट पॉइंटचा बारीक स्क्रू सैल राहतो. स्क्रू आवळा, त्यावर गळती शोधायचं द्रावण मारा, बुडबुडे येत नाहीत हे बघा आणि मगच उठा. परीक्षकाचं लक्ष नेमकं तिथे असतं.

पाचवी पायरी: पोर्टफोलिओ

उस्तादासोबत केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवायची: फोटो, दाबाची मापं, मीटरचे आकडे, धूर तपासणीचे कागद, उस्तादाची सही. ही नोंद त्या दिवशी संध्याकाळीच करा. महिन्याभराने चाळीस फोटो बघून कुठला बॉयलर कोणाच्या घरचा ते आठवत नाही. एकाच प्रकारची दहा कामं भरून उपयोग नाही, म्हणून बसवणं, सर्व्हिसिंग, बिघाड शोधणं हे सगळं मागून घ्या.

सहावी पायरी: एसीएस परीक्षा

एसीएस म्हणजे गॅसच्या कामाची पात्रता तपासणारी परीक्षा, आणि ती वेगवेगळ्या भागांत असते. पाया म्हणजे सीसीएन१, घरगुती गॅस सुरक्षेचा मुख्य भाग. त्यावर उपकरणांचे भाग: बॉयलर आणि पाणी तापवण्यासाठी सेनवॉट, शेगड्यांसाठी सीकेआर१, शेकोट्यांसाठी एचटीआर१, मीटरसाठी मेट१. ज्वलनाचं विश्लेषण करणारं यंत्र वापरण्यासाठी सीपीए१. सीसीएन१ आणि सेनवॉटपासून सुरुवात करा. पोट भरणारं काम बहुतेक बॉयलरचंच असतं.

लेखी भागात बरेच प्रश्न पुस्तकं समोर ठेवून सोडवायचे असतात. म्हणून सोपं समजू नका. कुठला तक्ता कुठल्या पानावर हे माहीत नसेल तर वेळ शोधण्यातच जातो. पानांना रंगीत चिठ्ठ्या लावून सराव करा.

प्रात्यक्षिकात खरी कसोटी असते ती असुरक्षित परिस्थिती ओळखण्याची. परीक्षा केंद्रात मुद्दाम चुकीची जोडलेली उपकरणं ठेवलेली असतात. कुठे हवेची जाळी बुजवलेली, कुठे धुराचा पाइप सांध्यात सुटलेला. तुम्ही ठरवायचं: हे ‘इमिजिएटली डेंजरस’ (आत्ताच धोक्याचं) की ‘अ‍ॅट रिस्क’ (पुढे धोका होऊ शकेल असं)? पहिल्या प्रकारात मालकाच्या परवानगीने उपकरण गॅसच्या पाइपापासून सोडवून वेगळं करायचं, त्यावर चिठ्ठी लावायची, लेखी सूचना द्यायची. मालक नाही म्हणाला तर ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचं. दुसऱ्या प्रकारात परवानगीने बंद करून ठेवायचं.

वर्गात हे सोपं वाटतं. जानेवारीच्या थंडीत, घरात तान्हं मूल, आजी शालीत गुरफटून बसलेली, आणि तुम्हाला त्यांचा बॉयलर बंद करायचा असतो. माझ्या पहिल्या वर्षी एका घरी मी असाच अडखळलो. उस्ताद माझ्याकडे न बघता खाली वाकले, व्हॉल्व्ह बंद केला, चिठ्ठी बांधली आणि मग गाडीतून विजेचे दोन हीटर आणून त्या आजींच्या खोलीत लावून दिले. तेव्हापासून माझ्याही व्हॅनमध्ये दोन हीटर असतात. तुम्हीही ठेवा.

सातवी पायरी: नोंदणी आणि पुढे

परीक्षा पास झाल्याने गॅसचं काम करायचा हक्क मिळत नाही. निकालानंतर गॅस सेफकडे अर्ज करायचा, स्वतःचा व्यवसाय म्हणून किंवा एखाद्या नोंदणीकृत कंपनीत. नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते आणि तुमची कामं बघायला तपासनीस येऊ शकतो. मी म्हणेन, पहिलं वर्ष कोणाकडे तरी नोकरी करा. अडलं की फोन करायला माणूस असतो.

एसीएसची प्रमाणपत्रं पाच वर्षं चालतात. मुदतीच्या आधीच्या सहा महिन्यांत पुन्हा परीक्षा दिली तर जुनी तारीख कायम राहून पुढची पाच वर्षं मिळतात. मुदत उलटली की त्या प्रकारचं काम त्याच दिवशी थांबवावं लागतं, हातातलं अर्धवट असलं तरी. प्रत्येक प्रमाणपत्राची तारीख वेगळी असू शकते. प्रमाणपत्रं हातात आली की त्या तारखा व्हॅनच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.