लव्हाळा, मुंग्या आणि झुरळे: मुळापासून बंदोबस्त कसा करावा

हिरवळीतले तण उपटले आणि ओट्यावरची मुंग्यांची रांग ओल्या फडक्याने पुसली, की काम झाल्यासारखे वाटते. पण आठवडाभरात तण पुन्हा डोके वर काढते आणि रांगही जुन्याच वाटेने चालू लागते. आपण हात लावलेला असतो तो दिसणाऱ्या भागाला, मूळ मात्र मातीत, भिंतीआड किंवा अंड्यांच्या कुपीत सुखरूप असते. त्यामुळे औषध आणण्याआधी मूळ कोठे आहे ते पाहावे.

हिरवळीत सर्वांत चिवट तो लव्हाळा. तो गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. त्याची फुलोऱ्याची दांडी चिमटीत धरून फिरवल्यास तीन कडा बोटांना स्पष्ट लागतात. गवताच्या काडीला अशा कडा नसतात. लव्हाळा हाताने ओढला की पात्यांचा झुबका तेवढा हाती येतो, आणि दोऱ्यासारख्या मुळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या काळपट गाठी मातीत राहतात. ही साखळी तुटली की आजवर झोपलेल्या गाठींनाही कोंब फुटतात. उपटल्यावर लव्हाळा वाढल्याची तक्रार म्हणूनच अगदी खोटी नसते.

यासाठी आधी माती चांगली भिजवावी, मग खुरपे झुबक्यापासून थोडे दूर रोवून साधारण 15 सेंटीमीटर खोलीपर्यंतचा मातीचा गड्डा उचलावा आणि तो हाताने फोडून गाठी वेचाव्यात. त्या कडक उन्हात पार वाळवाव्यात, कंपोस्ट खड्ड्यात मुळीच टाकू नयेत. नवे कोंब चार-सहा पानांचे होताच, म्हणजे नव्या गाठी धरण्यापूर्वी, हेच पुन्हा करावे. एका हंगामात लव्हाळा संपेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. प्लास्टिक अंथरण्याचा उपायही येथे तोकडा पडतो, कारण त्याचे टोकदार कोंब प्लास्टिक भोकसून वर येतात. तणनाशक वापरायचेच असेल, तर ते हिरवळीसाठी चालते असे लेबलावर लिहिलेले असल्याची खात्री करावी. ग्लायफोसेट हे तणनाशक तण आणि हिरवळ असा भेद करत नाही.

घोळ आणि आंबुशी या तणांचे काम तुलनेने सोपे आहे. आंबुशीच्या शेंगा वाळताच तडकून बी दूर उडते, म्हणून शेंगा धरण्याआधी ती काढावी. घोळीचे तुकडे मात्र जागेवर सोडू नयेत, ओल मिळाली की ते पुन्हा मूळ धरतात. हिरवळ कापताना एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये, कारण फार खुरटलेल्या हिरवळीत ऊन थेट मातीवर पडते आणि तणाच्या बियांना हवे तेच मिळते.

घरात मुंग्यांची रांग दिसताच फवारा मारण्याचा मोह आवरावा. फवाऱ्याने रांगेतल्या कामकरी मुंग्या मरतात, राणी वारुळात अंडी घालतच राहते. त्यापेक्षा 100 मिलिलिटर कोमट पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरॅक्स (टाकणखार) विरघळवून, त्यात भिजवलेला कापसाचा बोळा रांगेच्या कडेला ठेवावा. बोरॅक्स वाढवू नये. आमिष जहाल झाले तर मुंगी वारुळात पोहोचण्याआधीच मरते. पहिले एक-दोन दिवस गर्दी वाढेल, ती वाढू द्यावी. हे आमिष मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशाच जागी असावे.

झुरळांसाठी रात्री दिवे मालवून तासाभराने बॅटरी घेऊन स्वयंपाकघरात जावे आणि ती कोठे पळतात ते बघावे. बहुधा बिजागऱ्या, सिंकखालची फट किंवा फ्रिजमागची उबदार जागा सापडते. तेथेच झुरळांसाठीच्या विषारी आमिषाच्या जेलचे बारीक ठिपके द्यावेत आणि जवळपास फवारा मारू नये, अन्यथा झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. घरातल्या लहान, तपकिरी झुरळाची मादी 30 ते 40 अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत अंगावरच वागवते, आणि कुपीतल्या अंड्यांना औषध सहसा बाधत नाही. त्यामुळे झुरळे दिसेनाशी झाली तरी काही आठवडे जेल ताजे ठेवावे आणि रात्रीची तपासणी चालू ठेवावी.

उंदरांच्या बाबतीत पिंजऱ्याआधी फटी बुजवाव्यात. ज्या फटीतून पेन्सिल आत जाते, तीतून घरातला लहान उंदीरही जातो. तेथे तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट लिंपावे.