गोव्यात इस्लामचा अभ्यास करताय? या चुका टाळा

एम.ए.च्या प्रबंधासाठी 'गोव्यातील मुस्लिम समाज' हा विषय घेतला की पहिल्या प्रकरणाचा साचा बहुधा ठरलेला असतो. इस्लामचे पाच स्तंभ (श्रद्धावचन, नमाज, जकात, रोजे, हज), दोन पानं इतिहास आणि मग 'प्रत्यक्ष आचरण'. पाच स्तंभांची यादी चुकीची नसते. पण ती आधी मांडली की पुढचं प्रत्येक निरीक्षण तिच्याशी ताडलं जातं आणि अभ्यासकाचा परीक्षक होतो. फोंड्यातला कुणी दर्ग्यावर चादर चढवतो, तर तो 'लोकइस्लाम'. वाळपईतला कुणी त्याला नावं ठेवतो, तर तो 'शास्त्रीय इस्लाम'. झालं प्रकरण लिहून!

या विभागणीला मोठ्यांचा आधार आहे, म्हणून ती सुटत नाही. मानववंशशास्त्रज्ञ अर्नेस्ट गेलनर यांनी शहरी विद्वानांचा इस्लाम आणि टोळ्यांमधल्या संतांचा इस्लाम असे दोन प्रवाह मानले. १९७७ मध्ये त्यांच्याच क्षेत्रातल्या अब्दुल हमीद अल-झैन यांनी दुसरं टोक गाठलं होतं: एकच एक इस्लाम नाहीच, जितके समाज तितके इस्लाम. मानववंशशास्त्रज्ञ तलाल असद यांनी १९८६ च्या निबंधात दोन्ही नाकारलं. त्यांच्या मते इस्लाम ही एक परंपरा आहे. तिच्यात माणसं कुराण आणि हदीस (पैगंबरांच्या वचन-कृतींच्या नोंदी) यांच्याशी नातं सांगत 'योग्य आचरण कोणतं' यावर वाद घालत राहतात.

याचा प्रत्यक्ष उपयोग मोठा आहे. चादर चढवणाऱ्यालाही विचारा, हे बरोबर आहे हे तुम्हाला कुणी शिकवलं? तोही दाखला देईल: हदीसचा, पीराचा, आजोबांचा. विरोध करणाराही दाखला देईल. खरा इस्लाम कोणता, याचा निवाडा तुम्ही करायचा नाही. ते लोक तो कसा करतात, कुणाचा शब्द कुठे चालतो आणि कुठे अडतो, हीच तुमची सामग्री.

एकाच गावात दोन मशिदींतून असरची (दुपारनंतरच्या नमाजची) अजान वेगवेगळ्या वेळी ऐकू आली, तर वहीत लगेच 'गटबाजी' लिहू नका. कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान बरेचसे शाफई, तर घाटावरचे बहुतांश हनफी. माध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की शाफईंची असर सुरू होते. हनफींकडे रूढ मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. दोन्ही मझहब, म्हणजे धर्मशास्त्राच्या शाखा, सुन्नीच. भांडण असेलही, पण ते अजानच्या वेळेवरून सिद्ध होत नाही. मशिदीच्या कमिटीत कोण बसतं, जुनी कोकणी बोलणारी घरं की कर्नाटकातून आलेली कुटुंबं, हे आधी बघा.

समन्वयाचा मोह

ही खास आपल्या गोव्याची चूक. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण (मेरी माता) या बहिणी, सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. मग दर्ग्यात हिंदू बाई दिसली की लेखणी आपोआप 'समन्वय' लिहिते. मला हा शब्द आळशी वाटतो. दोन शुद्ध वस्तू आधी वेगळ्या होत्या आणि इथे मिसळल्या, असं तो गृहीत धरतो. त्या बाईला नवस, आजार किंवा शेजारणीचा सल्ला यांपैकी काहीतरी तिथे घेऊन आलं असेल. फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) कोण म्हणतं? मुजावर, म्हणजे दर्ग्याचा सेवक, तिला काय सांगतो? तिच्या घरी याला काय म्हणतात? ही उत्तरं मिळाल्यावर त्या शब्दाची गरज उरते का बघा.

इतिहास १५१० पासून, म्हणजे आदिलशहाकडून गोवा पोर्तुगिजांकडे गेला तिथून, सुरू करू नका. कदंब राजा पहिला जयकेशी याच्या ११ व्या शतकातल्या ताम्रपटात अरब वंशाच्या अधिकाऱ्याचा आणि मशिदीचा उल्लेख आहे. १४ व्या शतकात इब्न बतूता इथे येऊन गेला. फोंड्याच्या सफा मशिदीचं साल १५६० मानतात. त्याच वर्षी नदीपलीकडे पोर्तुगिजांच्या राजधानीत इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) बसलं. फोंडा, डिचोली, सांगे हे भाग १८ व्या शतकात पोर्तुगिजांकडे आले. जुन्या आणि नव्या काबिजादींतला (आधी आणि नंतर जिंकलेल्या प्रदेशांतला) हा फरक सोडला तर आजच्या वस्त्यांचा नकाशाच कळत नाही.

कायद्याचंही तसंच. देशभरातली मुस्लिम वैयक्तिक कायद्याची चर्चा इथे जशीच्या तशी उतरवू नका. १९३७ चा शरियत कायदा गोव्यात लागू नाही. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. निकाह होतो आणि विवाह निबंधकाकडे 'सही', म्हणजे नोंदणीही होते.

सगळ्या मुलाखती सारख्याच येतात?

'इस्लाम शांतीचा धर्म आहे' हे वाक्य प्रत्येक मुलाखतीत येत असेल, तर दोष प्रश्नाचा आहे. तुम्ही कमिटीच्या अध्यक्षांकडून आत शिरलात आणि 'तुमच्या धर्मात काय सांगितलंय?' असं विचारलंत. त्याऐवजी घडलेलं विचारा. कुर्बानीचं मटण कुणाकुणाकडे गेलं, मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) किती ठरला, मयताला आंघोळ कुणी घातली. बायकांशी बोलायला बाई अभ्यासक लागते, असं म्हणून तो भाग गाळू नका. मैत्रिणीला सोबत न्या. आणि त्यांना पीडित किंवा बंडखोर या दोनच खणांत टाकू नका. सबा महमूद यांनी कैरोतल्या मशिदींत धर्मशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांवर केलेलं काम (२००५) त्यासाठी वाचा.

सिद्धान्तांचं प्रकरण तर बहुतेकदा नुसतं हजेरीपत्रक असतं. समाजशास्त्रज्ञ डर्कहाइम, मानववंशशास्त्रज्ञ गीर्ट्झ, असद यांना दोन-दोन पानं, आणि पुढे कुणाचाच पत्ता नाही. त्यापेक्षा एकच घ्या आणि त्याला गावात आणून तपासा. डर्कहाइमने १९१२ मध्ये धर्माची व्याख्या पवित्र आणि लौकिक यांच्या फारकतीवर उभी केली, तीही ऑस्ट्रेलियातल्या जमातींविषयी इतरांनी गोळा केलेल्या माहितीवरून. आता बघा: वुजू करून (हात-तोंड-पाय धुऊन) स्वच्छ जागी चटई टाकली की दुकानाच्या मागच्या खोलीतही नमाज होते, आणि नमाज झाली की तिथेच पुन्हा खोकी रचली जातात. फारकत नेमकी कुठे आहे? जागेत, शरीरात, की वेळेत? सफा मशिदीलगतच्या तळीकडे या प्रश्नासकट बघितलंत, तर डर्कहाइम तुमच्या कामाचा होईल किंवा सोडून द्यावा लागेल. दोन्ही चालतं.

राहता राहिलं वेळापत्रक. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. सबमिशनची तारीख आणि रमजान जवळ येतात का, हे विषय नोंदवतानाच तपासा. शुक्रवारी दुपारी मुलाखत ठरवू नका. ईदची तारीखही चंद्र दिसेपर्यंत पेन्सिलीनेच लिहा.