पायाच्या खड्ड्यात जीवाश्म लागले तर : नागपूरच्या बांधकामांसाठी

नागपूर शहर निरनिराळ्या काळांतील खडकांच्या सांध्यावर वसले आहे, ही गोष्ट इथे पाया खोदणाऱ्या प्रत्येक इंजिनीअरला आणि मुकादमाला ठाऊक असायला हवी. पश्चिमेकडे सीताबर्डीच्या टेकडीपासून पुढे काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट लागतो, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना पट्टिताश्म, म्हणजे पट्टेदार नाईस खडक, तर उत्तरेला कामठी-सिलेवाड्याच्या बाजूस गोंडवन काळातील वालुकाश्म. बेसाल्टच्या दोन प्रवाहांमध्ये दबलेले गाळाचे पातळ थर आणि बेसाल्टच्या खाली असलेले लमेटा नावाचे गाळाचे थर ही जीवाश्मांची खरी ठिकाणे आहेत. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी टाकळी आणि सीताबर्डी परिसरातल्या अशा थरांचे वर्णन १८५५ साली प्रसिद्ध केले होते. त्यांना उघड्या टेकड्या आणि खाणी पाहता आल्या. आज ते थर आपल्या इमारतींखाली आहेत आणि ते पुन्हा उघडे पडतात ते बहुधा पोकलेनच्या बकेटमुळेच.

जीवाश्म ओळखता आले तरच ते वाचवता येतात. बेसाल्टमधल्या थरांत पांढरट किंवा राखी रंगाचा, काचेसारखा फुटणारा टणक दगड लागतो आणि त्यात गोगलगाईचे शंख किंवा वनस्पतींचे दगड झालेले तुकडे दिसतात. कामठीकडच्या वालुकाश्मात आणि त्यातल्या शेलमध्ये, म्हणजे पापुद्र्यांनी फुटणाऱ्या चिखलाच्या दगडात, जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात. मध्ये ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा असतील तर ते पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीचे पान आहे. लमेटाची हिरवट-तांबूस चिकणमाती आणि चुनखडीयुक्त वाळू सर्वांत नाजूक, कारण डायनासोरची हाडे, अंडी आणि दगड झालेली विष्ठा याच थरांत मिळते. चंद्रपूर जिल्ह्यातले पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावे त्यासाठीच जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहेत.

फसगतही बरीच होते. चुनखडीचे गोल गोटे पाहून अंडी सापडल्याचा बोभाटा होतो. पण गोटा फोडल्यावर आतून एकसारखा निघतो, तर अंड्याला दोन-तीन मिलिमीटर जाडीचे वेगळे कवच असते. दगडाच्या सांध्यावर मँगॅनीजची काळी, फांद्यांसारखी नक्षी उमटते. तिला ना मधली शीर असते ना कडा, म्हणून ते पान नव्हे. हाडाची तुटलेली बाजू पाहिली तर स्पंजासारखी बारीक छिद्रे दिसतात, ही खूण सहसा चुकत नाही. मात्र खात्री करण्यासाठी एखादा अखंड नमुना फोडू नये. आधीच तुटलेला तुकडा पाहावा.

संशय येताच पहिले काम म्हणजे तेवढ्या भागातली मशीन थांबवणे. संपूर्ण साइट बंद करावी लागते, या भीतीनेच पुष्कळ जीवाश्म डंपरमध्ये गेले आहेत. प्रत्यक्षात चारी बाजूंनी तीन-चार मीटर जागा दोरी बांधून राखली, तर इतर टोकाचे काम बहुतेक वेळा चालू ठेवता येते. त्याच बकेटमधून निघालेली माती मात्र वेगळ्या ढिगात ठेवावी, कारण तुटलेला उरलेला भाग तिच्यातच असतो. खड्डा दीड मीटरहून खोल असेल आणि बाजू सुटत असतील, तर आधार दिल्याशिवाय कोणालाही खाली उतरवू नये. कोणतेही हाड माणसाच्या जिवापेक्षा मोलाचे नाही.

दुसरे काम नोंदीचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हेच. जीवाश्माचे शास्त्रीय मोल तो कोणत्या थरातून, किती खोलीवरून आणि कशाच्या शेजारून निघाला यावर ठरते. यासाठी लागणारी सर्वांत चांगली साधने बांधकामाच्या साइटवरच असतात. टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने जागा निश्चित करायला आणि ऑटो लेव्हलने आर. एल. (ठरलेल्या संदर्भपातळीपासूनची उंची) काढायला पाच-दहा मिनिटे पुरतात. खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर मोजपट्टी सोडून वरपासून खालपर्यंत थरांची जाडी, रंग आणि दगडाचा प्रकार लिहावा. मोजपट्टी आणि उत्तर दिशा दिसेल असा एक फोटो दुरून, एक मध्यम अंतरावरून आणि एक अगदी जवळून घ्यावा. अनेक हाडे असतील, तर दोऱ्याने अर्ध्या-अर्ध्या मीटरचे चौकोन पाडून प्रत्येक हाडाची जागा आणि दिशा कागदावर काढावी. डोंगरगावच्या इसिसॉरस या डायनासोरचा आराखडा अभ्यासकांना मांडता आला, कारण त्या एकाच प्राण्याचे अनेक भाग एकमेकांच्या संगतीत मिळाले होते. तेच मणके वेगवेगळ्या पोत्यांत भरून आले असते, तर ते एका प्राण्याचे आहेत हे सिद्ध करणे फार कठीण गेले असते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका बेसमेंटच्या खोदकामात मांडीएवढे जाड हाड निघाले होते. साहेबांना स्वच्छ दाखवावे या सद्भावनेने एकाने त्यावर पाण्याचा पाइप सोडला. चिकणमाती फुगली, हाडाच्या भेगा उघडल्या आणि अर्ध्या तासात घमेल्यात फक्त ढलप्या उरल्या. ते किती खोलीवरून आले, हेही कोणी लिहून ठेवले नव्हते. ते घमेले मी आजही विसरलेलो नाही, म्हणून आग्रहाने सांगतो की लमेटातल्या हाडावर पाणी सोडू नये, आणि त्याला फेव्हिकॉल किंवा फेव्हिक्विक तर मुळीच लावू नये, कारण ते पुढे प्रयोगशाळेत काढणे अवघड जाते. चीर आवरायचीच असेल, तर ॲसिटोनमध्ये विरघळवलेले पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे रसायन वापरतात. ते पुन्हा ॲसिटोननेच सोडवता येते. तेही जाणकाराच्या हातून व्हावे आणि जवळ विडी-सिगारेट किंवा वेल्डिंगची ठिणगी नसावी.

कळवायचे कोणाला, याबाबतीत नागपूर भाग्यवान आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे आणि विद्यापीठाचा पदव्युत्तर भूशास्त्र विभागही शहरातच आहे. फोटो, आर. एल. आणि जागेचा नकाशा घेऊन त्याच दिवशी संपर्क साधावा. ठेकेदाराने आपले करारपत्रही काढून पाहावे. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या नमुना करारातील ४.२४ हे कलम जीवाश्मांवरच आहे. वस्तू मालक-संस्थेच्या ताब्यात राहते, ठेकेदाराने अभियंत्याला तातडीने कळवायचे असते, आणि त्यामुळे झालेल्या विलंबासाठी मुदतवाढ व खर्च मागता येतो. हे माहीत असले की लपवण्याचे कारणच उरत नाही.

तज्ज्ञ येईपर्यंत जीवाश्मावर सावली धरणे एवढेच करावे. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात ओलसर चिकणमाती काही तासांत तडकते, म्हणून ताडपत्री हाडाला न टेकवता बांबूवर ताणून बांधावी. जूनमध्ये पावसाचा धोका असेल, तर वरच्या बाजूला पाणी वळवणारी चर काढावी आणि पंप तयार ठेवावा.

हाड उचलावे लागते तेव्हा साइटचे मजूर तज्ज्ञांना फार मोठी मदत करू शकतात, म्हणून कृती समजून घ्यावी. हाड पूर्ण उघडे करायचे नसते. त्याची वरची बाजू आणि कडा दिसल्या की भोवताली चर खोदून ते आपल्याच मातीच्या ओट्यावर उभे ठेवायचे. इथे सब्बल आणि टिकास बाजूला ठेवून दाभण, छोटी छन्नी आणि रंगाचा मऊ ब्रश वापरावा. वर ओल्या टिश्यू पेपरचे तीन-चार थर दाबून बसवावेत, नाहीतर प्लास्टर थेट हाडाला चिकटते. मग गोणपाटाच्या हातभर पट्ट्या पीओपीच्या पातळ लगद्यात बुडवून आडव्या-उभ्या गुंडाळाव्यात आणि पट्टी ओट्याच्या कडेखाली वळवावी. उन्हाळ्यात पीओपी लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी एकच घमेले कालवावे. मोठ्या नमुन्याला वरून बांबूच्या काठ्या बांधून आणखी एक थर द्यावा. कवच कडक झाले की ओटा खालून कोरत आणावा, सर्वांनी मिळून एका हिसक्यात उलटावा आणि उघडी बाजूही तशीच बंद करावी. क्रमांक, तारीख, आर. एल. आणि वरची बाजू कोणती, हे कवचावरच पक्क्या मार्करने लिहावे. सोबतची चिठ्ठी हरवते.

पानांच्या ठशांना प्लास्टर लागत नाही. शेल फुटली की ठसा दोन्ही फळ्यांवर असतो. त्या दोन्ही जपून, त्यांना एकच क्रमांक देऊन, मध्ये टिश्यू ठेवून वर्तमानपत्रात वेगवेगळ्या गुंडाळाव्यात. शंखांचा दगड टणक असल्यामुळे मोठे ठोकळे तसेच पोत्यात भरले तरी चालते, फक्त हातोड्याने शंख सुटे काढण्याचा मोह टाळावा.

कधी वेळ किंवा माणसे नसल्यामुळे नमुना उचलणे शक्यच नसते. पायाचे आरेखन परवानगी देत असेल, तर त्यावर जिओटेक्स्टाइल (जमिनीत घालायचे कृत्रिम कापड) अंथरून हातभर कोरडी बारीक वाळू टाकावी, वर मुरूम हलक्या हाताने बसवावा आणि त्या जागेची नोंद इमारतीच्या अंतिम नकाशावर करून त्याची एक प्रत सेमिनरी हिल्सच्या कार्यालयात द्यावी.